स्प्लिट रॉक दीपगृह: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शाळेतल्या मुलांनी अमेरिकेतल्या स्प्लिट रॉक दीपगृहाची लाकडी प्रतिकृती केली आणि ती तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडली. तेव्हापासून मुलं, पालक, इतर शाळांतले शिक्षक आणि तलावावर मासे धरणारी मंडळी प्रश्न पाठवतात, आणि बरेच प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्या शब्दांतच ठेवले आहेत.

१. हे दीपगृह नेमकं आहे तरी कुठं?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर नावाच्या तलावाच्या वायव्य काठावर. जवळचं मोठं बंदर डुलुथ, साधारण ८० किलोमीटरवर. पाण्यातून सरळ उभा राहिलेला सुमारे ४० मीटर उंचीचा कडा आहे आणि त्याच्या अगदी टोकाशी पिवळसर विटांचा आठकोनी मनोरा आहे. ३१ जुलै १९१० रोजी तिथला दिवा पहिल्यांदा पेटला.

२. सर, तलावाले दीपगृह काहून लागते? समुद्राले ठीक आहे.

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, आणि आपल्या भागातून तो येणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे तलाव म्हटलं की एक पाळ, पलीकडे धानाची बांधी आणि समोरच्या काठावर कोण कपडे धुतंय तेही दिसतं. सुपीरियर तलाव तसा नाही. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे. विदर्भाचे अकराही जिल्हे मिळून सुमारे ९७,४०० चौरस किलोमीटर भरतात. म्हणजे गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतचा बहुतेक सगळा मुलूख पाण्याखाली आहे असं समजा. लांबी सुमारे ५६० किलोमीटर, सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. मधोमध गेलेल्या जहाजाला चारी दिशांना फक्त पाणी दिसतं.

पाणी गोडं आहे, भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नाही, पण वादळात लाटा घरापेक्षा उंच उठतात. या तलावातल्या लाटा समुद्रातल्यांपेक्षा जवळजवळ आणि उभट येतात, त्यामुळे लांबलचक जहाज एका लाटेतून सावरतं न सावरतं तोच दुसरी आदळते. शिवाय समुद्रात जहाजाला वादळापासून लांब पळायला जागा असते. तलावात वारा ढकलेल तिकडे शेवटी काठच येतो, आणि या बाजूचा काठ म्हणजे खडक.

३. एवढ्या तलावात जहाजं नेत काय होती?

मुख्यतः लोहखनिज. मिनेसोटाच्या मेसाबी टेकड्यांत लोखंडाचे प्रचंड साठे आहेत. ते रेल्वेनं डुलुथ आणि टू हार्बर्स या बंदरांवर यायचं आणि तिथून जहाजानं पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांकडे जायचं. गडचिरोलीतल्या सुरजागडहून ट्रक जाताना पाहिलेल्या मुलांना हे लगेच समजतं: खाण एकीकडे, भट्टी दुसरीकडे आणि मधली सगळी जोखीम वाहतूक करणाऱ्याच्या वाट्याला.

४. कोणत्या वादळामुळे हे बांधलं म्हणतात, त्याची पूर्ण गोष्ट सांगा.

नोव्हेंबर १९०५ चं वादळ. २७ आणि २८ तारखेला त्यानं २९ जहाजांचं नुकसान केलं. काही बुडाली, काही काठावर फेकली गेली. मटाफा नावाचं जहाज तर डुलुथ बंदराच्या तोंडाशी, धक्क्यावर आदळून मोडलं. काठावर हजारो लोक जमले होते, जहाज डोळ्यांसमोर होतं, पण त्या लाटांत होडी घालता येईना. रात्रीतून जहाजावरचे नऊ जण गारठून मेले. त्या जहाजाच्या नावानंच वादळ ओळखलं जातं.

स्प्लिट रॉकजवळ जे झालं ते मुलांना मी नेहमी सावकाश सांगतो. विल्यम एडनबॉर्न ही आगबोट मडेरा नावाच्या शिडाच्या मालवाहू नौकेला दोरानं ओढत नेत होती. वादळात दोघींची ताटातूट झाली. एडनबॉर्न काठावर चढली आणि मडेरा कड्यावर आपटू लागली. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशानं हातात दोर घेऊन जहाजावरून खडकावर उडी मारली, बर्फाळ कडा चढला, दोराला दगड बांधून तो खाली सोडला आणि सोबत्यांना एकेक करून वर घेतलं. दहापैकी नऊ वाचले. जहाजाचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, मात्र गेला.

यानंतर जहाजमालकांनी सरकारकडे दिव्याची मागणी लावून धरली आणि १९०७ मध्ये अमेरिकी संसदेनं ७५,००० डॉलर मंजूर केले. तेव्हाच्या विनिमय दरानं हे सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास होतात. मालकांना मालाची काळजी होती हे खरंच, पण दिवा लागला तो खलाशांच्याही उपयोगी पडला. त्यामुळे मागणी कुणाची होती यावरून त्याची किंमत कमी होत नाही असं मला वाटतं.

५. तिथं रस्ता नव्हता म्हणता, मग विटा-सिमेंट वर कसं नेलं?

पाण्यातून. बोट कड्याखाली आणायची आणि कड्याच्या माथ्यावर बसवलेल्या वाफेच्या यारीनं माल वर ओढायचा. विटा, लोखंड, सिमेंट, मजुरांचं धान्य, सगळं असंच वर गेलं. काम १९०९ मध्ये सुरू झालं. आराखडा आणि देखरेख राल्फ टिंकम या अभियंत्याची. मनोऱ्याला आतून पोलादी सांगाडा आहे, बाहेरून वीट. काही वर्षांनी माल चढवायला रुळांवरची गाडी झाली, आणि काठानं मोटाररस्ता यायला १९२४ साल उजाडलं.

६. हे अमेरिकेतलं सगळ्यात उंच दीपगृह आहे का? आमच्या पोरीनं पेपरात तसं लिवलं.

नाही. मनोरा जेमतेम १६ मीटर उंच आहे. नॉर्थ कॅरोलिनातलं केप हॅटरासचं दीपगृह साठ मीटरहून उंच आहे. गोंधळ होतो तो कड्यामुळे. कडा आणि मनोरा मिळून दिवा पाण्यापासून सुमारे ५१ मीटरवर येतो. निसर्गानं उंची आयती दिली, म्हणून मनोरा आखूड ठेवता आला. मुलीला गुण द्यायचे की नाही हे तुमच्या गुरुजींनी ठरवावं. मी असतो तर "दिव्याची उंची" म्हणाली असती तरी दिले नसते, कारण केप हॅटरासचा दिवाही ५१ मीटरपेक्षा वर आहे.

७. दिवा साधाच होता, तर एवढा दूर कसा दिसायचा?

दिवा खरंच आपल्या ओळखीचा होता. सुरुवातीला रॉकेलवर चालायचा: हवेच्या दाबानं तेल वर चढवायचं, तापवून त्याची वाफ करायची आणि ती जाळीच्या मँटलमध्ये पेटवायची. झाडीपट्टीत वीज येण्याआधी दंडारीला आणि लग्नाला जी पेट्रोमॅक्स लावत, तिचंच हे तत्त्व. १९४० मध्ये वीज आली आणि १००० वॅटचा बल्ब बसला.

करामत भिंगाची. दिव्याचा उजेड चहूकडे, आकाशाकडे आणि जमिनीकडेही पसरतो. जहाजाला त्यातला थोडासाच मिळतो. तो सगळा गोळा करून आडव्या झोतात वळवायला मोठं भिंग हवं. पण तेवढं भरीव काचेचं भिंग केलं तर वजन पेलणार नाही आणि जाड काचेतच बराच उजेड जिरेल. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं यातून वाट काढली. उजेड वळतो तो भिंगाच्या उतरत्या पृष्ठभागाशी, आतल्या जाड काचेचं तिथं काही काम नाही. म्हणून त्यानं आतली काच काढून टाकली आणि उतार तेवढे कड्यांच्या रूपात एकाभोवती एक बसवले. मधल्या कड्या उजेड वाकवतात आणि बाहेरचे लोलक तो आतल्या आत परतवून झोतात आणतात. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात त्याचं भिंग बसलं.

स्प्लिट रॉकचं भिंग पॅरिसच्या बार्बिए, बेनार आणि ट्युरेन या कारखान्यात झालं. शिंपल्याची दोन शकलं पाठीला पाठ लावून उभी करावीत तसा त्याचा घाट आहे.

घरी पाहायचं असेल तर म्हाताऱ्या माणसांना पेपर वाचायला मिळतं ते चपटं प्लास्टिकचं भिंग घ्या. ते तिरकं धरून त्यावरून हळूच नख फिरवा. बारीक कड्या नखाला लागतात, एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खरखरीत. ते फ्रेनेलचंच भिंग आहे. आमच्या प्रतिकृतीत तेच बसवलं आहे.

८. भिंगाची एक फेरी २० सेकंदांची, मग चमक १० सेकंदांनी कशी? काही चुकलंय का?

बरोबर आहे. भिंगाला दोन तोंडं आहेत, त्यामुळे एका फेरीत दोन झोत फिरतात. दहा सेकंदांनी एक चमक ही या दिव्याची ओळख. प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा ठेवतात. खलाशी दोन चमकांमधलं अंतर मोजतो, यादीत बघतो आणि आपण कुठल्या काठाजवळ आहोत ते त्याला कळतं. नुसता उजेड दिसून भागत नाही, कुणाचा उजेड आहे हे कळायला हवं. दिवा विझत-पेटत नव्हता, तो अखंड जळत असे. फिरत होतं ते भिंग.

९. एवढं जड भिंग विजेशिवाय फिरवत कसं होते? आणि पारा वापरायचे हे खरं आहे?

दोन्हीचं उत्तर एकच. भिंग पाऱ्यानं भरलेल्या गोल पन्हाळीत तरंगतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून थोड्या पाऱ्यावर मोठं वजन तरंगतं आणि घर्षण नगण्य होतं. बोटानं ढकललं तरी ते हलतं. फिरवण्यासाठी घड्याळी यंत्र होतं. मनोऱ्याच्या मधून वजनं खाली उतरत जायची आणि त्यांच्या ओढीनं चाकं फिरायची. दर दोन तासांनी हातानं किल्ली फिरवून वजनं पुन्हा वर चढवावी लागत, रात्रभर.

पारा विषारी आहे आणि त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून प्रतिकृतीत पारा कुणीही वापरू नये. फुटक्या थर्मामीटरमधला थेंबभरसुद्धा नको. आम्ही सायकलचं जुनं बेअरिंग वापरलं. पाण्याच्या परातीत थाळी तरंगवूनही छान फिरते.

१०. उजेड ३५ किलोमीटरच का जायचा? भिंग मोठं केलं असतं तर?

फारसा फरक पडला नसता, कारण अडचण उजेडाची नाही, पृथ्वीच्या गोलाईची आहे. ५१ मीटरवरून क्षितिज साधारण साडेपंचवीस किलोमीटरवर येतं. जहाजावरचा माणूस पाण्यापासून सातेक मीटरवर उभा असेल तर त्याचं क्षितिज आणखी साडेनऊ किलोमीटर. बेरीज ३५. अधिकृत पल्लाही २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटरच होता. नववी-दहावीच्या मुलांनी पायथागोरसच्या प्रमेयानं हे स्वतः काढून पाहावं, उत्तर जुळलं की फार आनंद होतो.

तरीही ग्रँड मराई गावाजवळच्या, म्हणजे जवळपास १०० किलोमीटर लांबच्या कोळ्यांनी उजेड दिसल्याचं सांगितलं आहे. तलावाच्या थंडगार हवेत प्रकाश वाकतो आणि ढगांवरही उजळ पडतो, त्यामुळे हे अशक्य नाही.

११. तिथं राहायचं कोण? बायका-पोरं सोबत होती का?

एक मुख्य रखवालदार आणि दोन साहाय्यक. पहिला रखवालदार ओरेन यंग, पीट म्हणून ओळखला जाणारा. तो १९१० पासून १९२८ पर्यंत तिथं होता. तिघांसाठी तीन विटांची घरं बांधली होती आणि ती आजही उभी आहेत. कुटुंबं येत, पण रस्ता नसलेल्या त्या जागी राहणं सोपं नव्हतं. हिवाळ्यात तलावावर बर्फ धरलं आणि जहाजं थांबली की दिवाही बंद होई आणि माणसं गावाकडे जात.

कामाची यादी वाचली की थक्क व्हायला होतं. सूर्यास्ताला दिवा लावायचा, रात्री पाळीनं जागायचं, वजनं चढवायची (प्रश्न ९), पहाटे विझवून भिंगाचा प्रत्येक लोलक पुसायचा, पितळ चमकवायचं, तेलाचा हिशेब लिहायचा. काजळीचा पातळ थर बसला तरी झोत मंद होतो, म्हणून पुसणं हे शोभेचं काम नव्हतं. आणि धोका त्यांनाही होताच: पहिल्याच वर्षी, १९१० मध्ये, दोघे साहाय्यक होडीनं टपाल आणायला गेले आणि तलावातच बुडाले. दुसऱ्यांना वाचवायला बांधलेल्या जागेची ही सुरुवात होती. दीपगृह म्हटलं की लोक मनोऱ्याचा फोटो काढतात; मला वाटतं त्या फोटोत या माणसांची आठवण असायला हवी.

१२. धुकं पडलं तर दिवा काय कामाचा?

काहीच नाही. म्हणून शेजारीच भोंग्याची इमारत आहे. धुक्यात इंजिनानं हवा दाबून भोंगा ठरावीक अंतरानं वाजवला जाई. तो १९६१ मध्ये बंद झाला.

१३. तिथल्या खडकात चुंबक आहे, होकायंत्र फिरतं, असं मुलाला कुठंतरी वाचायला मिळालं. अफवा आहे का?

अफवा नाही, थोडी अतिशयोक्ती आहे. त्या काठाच्या परिसरात लोहयुक्त खडक आहेत आणि त्यामुळे होकायंत्राची सुई भरकटते अशा तक्रारी जहाजांकडून येत होत्या. दीपगृह मागण्यामागचं तेही एक कारण होतं. सुई गरगरा फिरते असं नाही. काही अंशांनी सरकते. पण अंधारात, वादळात, काठ जवळ असताना तेवढीच चूक पुरते. मडेराचा अपघात मात्र यामुळे झाला असं म्हणू नये, ते काम वादळाचं होतं (प्रश्न ४).

१४. आता दिवा चालू आहे का?

जहाजांसाठी नाही. रडार आणि रेडिओवरून जागा ठरवण्याची साधनं आल्यावर १९६९ मध्ये तो बंद केला गेला. १९७१ मध्ये जागा मिनेसोटा राज्याकडे आली आणि पुढं मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीनं ती सांभाळली. २०११ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. भिंग जागेवरच आहे आणि फिरतं. याच काठावरचं टू हार्बर्सचं १८९२ मधलं दीपगृह मात्र अजूनही कामात आहे, त्यामुळे सगळीच दीपगृहं निकामी झाली असं समजू नका.

१५. बंद आहे म्हणता, मग दर १० नोव्हेंबरला पेटलेला व्हिडिओ येतो तो खोटा का?

खरा आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री एडमंड फिट्झगेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं जहाज याच तलावात वादळात बुडालं. लोहखनिजाच्या गोळ्यांनी भरलेलं होतं. २९ जण होते, एकही वाचला नाही. १९८५ पासून त्या दिवशी संध्याकाळी इथं जमून २९ नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल देतात, आणि तिसावा टोल या भागातल्या मोठ्या तलावांनी घेतलेल्या बाकी सगळ्यांसाठी. मग दिवा लावतात.

१६. म्हणजे १९६९ ला दिवा बंद केला म्हणून १९७५ ला जहाज बुडालं?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण प्रदर्शनात आलेल्या बऱ्याच जणांनी दोन सालं शेजारी बघून असाच अर्थ लावला. स्प्लिट रॉक तलावाच्या पश्चिम भागात आहे, जहाज बुडालं ते पूर्वेच्या टोकाकडे, व्हाइटफिश उपसागराच्या अलीकडे सुमारे २७ किलोमीटरवर. इथला दिवा तिथं दिसलाच नसता (का ते प्रश्न १० मध्ये आहे). त्या रात्री व्हाइटफिश टोकावरचा दिवा आणि रेडिओ संकेत बंद पडले होते ही वेगळी गोष्ट, ती खरी आहे. पण जहाज नेमकं कशानं बुडालं यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

१७. विदर्भात एखादं दीपगृह आहे का? देवळापुढच्या दीपमाळेला दीपगृह म्हणता येईल का?

विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे दीपगृहही नाही. महाराष्ट्रातली दीपगृहं कोकण किनाऱ्यावर: खांदेरीचं १८६७ मधलं, मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्ज खडकावरचं १८७५ मधलं. सहलीला गेलात तर मुलांना आवर्जून दाखवा. दीपमाळ उत्सवात पेटते, तिच्यावरून कुणी वाट काढत नाही; दोन्ही दगडी आणि उंच असली तरी काम वेगळं.

१८. आमच्या सोसायटीचे लोक रात्री तलावात जाळं टाकतात. पाळीवर असा दिवा लावला तर फायदा होईल का?

होईल, आणि हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. आपले मालगुजारी तलाव लहान असले तरी मृगाच्या सुमारास अचानक वारा सुटतो, ढग दाटतात आणि डोंगा कोणत्या काठाला चाललाय ते समजत नाही. त्यासाठी भिंग नको, मनोरा नको. डोंगा लावायच्या जागी उंच खांबावर एक सौर दिवा पुरतो. दोन गोष्टी पाळा. एक, त्याचा रंग किंवा लुकलुकणं गावातल्या बाकी दिव्यांपेक्षा वेगळं ठेवा, नाहीतर पाळीवरच्या मारुतीच्या देवळाचा दिवा आणि हा यांत फसगत होईल (प्रश्न ८ मधलंच कारण). दोन, तो रोज लागला पाहिजे. चार दिवस लागून पाचव्या दिवशी बंद असलेला दिवा नसल्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्या भरवशावर आत गेलेला असतो. बॅटरी बघण्याचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी तरंगती जाकिटं घ्या. दिवा वाट दाखवतो, बुडणाऱ्याला वर धरत नाही.

१९. माझा भाचा मिनियापोलिसला नोकरीला आहे. त्यानं कधी जावं?

तिथून गाडीनं साडेतीन तासांच्या आसपास लागतात. उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, मनोऱ्यात आणि रखवालदाराच्या घरात जाता येतं. दिवा पेटलेला पाहायचा असेल तर १० नोव्हेंबर गाठावा, पण गरम कपडे भरपूर न्यावेत. कड्याखाली पाण्याच्या काठापर्यंत उतरणारी पायवाट आहे. दीपगृहाचा नेहमी दिसणारा फोटो तिथूनच येतो.

२०. प्रतिकृती आमच्या शाळेला काही दिवस मिळेल का?

मिळेल. नेणाऱ्या शाळेनं स्वतः घेऊन जावी आणि आणून द्यावी, भाडं काही नाही. भिंगावर बोटांचे डाग पडतात, तेव्हा मऊ सुती कापड सोबत ठेवा आणि रोज सकाळी पुसण्याची पाळी मुलांत लावा. परीक्षेच्या दिवसांत ती शाळेतच राहते.